काशीबाई कानिटकर आणि विभावरी शिरूरकर : एका प्रश्नाचा वारसा

मराठी कादंबरीच्या इतिहासात आरंभीच्या लेखिकांचा विचार बहुधा हरिभाऊ आपटे यांच्या अनुषंगाने केला जातो. ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधील यमू ही स्त्रीदुःखाच्या चित्रणाची कसोटी ठरली आणि पुढील लेखिका त्याच कसोटीवर पारखल्या गेल्या. या मांडणीत लेखिकेकडून लेखिकेकडे जाणारा धागा दृष्टीआड होतो.

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) विवाहानंतर लिहावयास-वाचावयास शिकल्या. ‘रंगराव’ (१९०३) या कादंबरीनंतर ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) मध्ये त्यांनी एक संस्थान कल्पिले. तेथे राजा कारभारास असमर्थ आहे. राणी रेवती सूत्रे हाती घेते आणि स्त्रियांकडे राज्याची जबाबदारी सोपविते. स्त्रीला काय सोसावे लागते, हा प्रश्न येथे मागे पडतो. तिला निर्णयाचा अधिकार मिळाल्यास ती काय करील, हा प्रश्न पुढे येतो.

हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेत शिकलेल्या मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) यांनी विभावरी शिरूरकर या नावाने ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) लिहिली. तिच्यातील अचलेपाशी राज्य नाही. पतीने टाकल्यानंतर उरलेले स्वतःचे आयुष्य तेवढे आहे. विवाहबंधनाबाहेर विरागशी संबंध जोडावा की नाही, याचा निर्णय तिचा तिनेच करावयाचा आहे. रेवतीचा प्रश्न अशा रीतीने दरबारातून मध्यमवर्गीय घरात उतरतो.

या स्थलांतराची किंमत लेखिकेच्या नावातच दिसते. काशीबाईंनी स्त्रीराज्याची कल्पना स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. अवघ्या पाच वर्षांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध करताना मालतीबाईंना टोपणनावाचा आश्रय घ्यावा लागला, आणि तरीही वादळ उठलेच. कल्पित संस्थान वाचकाला दूरचे वाटते. शेजारच्या घरातील अविवाहित, मिळवती मुलगी तशी वाटत नाही.

पुढे ‘बळी’ (१९५०) मध्ये मालतीबाईंनी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची सरकारी वसाहत चितारली. सत्ता आणि व्यवस्था हा काशीबाईंचा विषय येथे उलट बाजूने येतो: सुराज्याच्या स्वप्नाऐवजी काटेरी तारांच्या कुंपणातील शासन दिसते.

वाङ्मयीन प्रभाव म्हणजे पात्रांचे वा वाक्यांचे साम्य, एवढाच अर्थ घेतल्यास या दोघींत नाते दिसणार नाही. परंतु एकीने मांडलेला प्रश्न दुसरीच्या लेखनात अधिक अडचणीच्या जागी उभा राहतो, हेही प्रभावाचेच एक रूप मानावयास हवे. तसे मानल्यास या लेखिका कोणा एका थोर कादंबरीकाराचे परिशिष्ट राहत नाहीत. त्यांची स्वतंत्र परंपरा दिसू लागते.