पेडगावच्या गडावर येसूबाईंची आठवण

आमच्या भांडगावच्या बचत गटाची सहल यंदा पेडगावला गेली. दौंडच्या पलीकडे, भीमेच्या काठी, श्रीगोंदा तालुक्यात हा भुईकोट किल्ला आहे. जुनं नाव बहादूरगड, आता धर्मवीरगड. चढण नाही, म्हणून गुडघेदुखीच्या काकूही आमच्याबरोबर सगळा गड फिरल्या. लक्ष्मीनारायण मंदिराचे कोरीव खांब पाहिले. नदीचं पाणी मोटेनं वर काढायची जागा पाहिली. ती मोट हत्ती ओढत. जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेल्या आम्ही तिथं बराच वेळ थांबलो.

या गडाचं नाव घेतलं की आठवतो तो फेब्रुवारी १६८९. संगमेश्वरला संभाजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले. औरंगजेबाची छावणी तेव्हा इथं होती. दोघांना इथं आणून त्यांची धिंड काढली. ११ मार्चला महाराजांची हत्या झाली. त्यांची वढू बुद्रुकची समाधी आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातच आहे.

दुपारी भाकरी सोडली, तेव्हा एकीनं विचारलं, "तवा येसूबाई कुठं होत्या गं?"

येसूबाई रायगडावर होत्या. पदरात सात वर्षांचे शाहूराजे, आणि गडाला वेढा पडत होता. मुलाला गादीवर बसवा म्हणाल्या असत्या, तर कोण नाही म्हणणार होतं? पण त्यांनी धाकटे दीर राजाराम महाराजांना पुढं केलं आणि गडाबाहेर काढलं. ते जिंजीला पोहोचले, म्हणून राज्य टिकलं. स्वतः येसूबाई मुलासह मागं राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक कैद झाले. शाहू महाराज १७०७ ला सुटले. येसूबाई १७१९ ला, तब्बल तीस वर्षांनी परतल्या.

आमच्यातल्या दोघींच्या घरी मालक गेल्यावर तेराव्याच्या आतच वाटणीची बोलणी निघाली होती. त्या दोघी गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "एवढ्या दुःखात एवढा लांबचा विचार!"

परतताना गाडीत एवढं ठरलं, की गटाच्या पुढच्या बैठकीला शाळेतल्या मुलींना बोलवायचं आणि येसूबाईंची ही हकिगत त्यांना सांगायची. तुम्हीही पेडगावला जा. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, सावली कमी आहे.