उंबरठ्याबाहेरची शिस्त

हौसेने पिल्लू घरी आणावे, त्याच्यासाठी पिंजरा घ्यावा, आत मऊ अंथरूण घालावे. आणि सकाळी पाहावे तर पिल्लू आपल्याच घाणीत बसलेले! ही तक्रार पूर्वी पुण्या-मुंबईच्या सदनिकांपुरती होती. आता ती तालुक्याच्या गावांतल्या नव्या बंगल्यांतूनही ऐकू येते. तिच्या मुळाशी एक गृहीत असते. कुत्रा हा जात्याच अस्वच्छ प्राणी आहे आणि स्वच्छता ही माणसाने त्याला शिकवायची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. मग पिल्लाच्या पाठीत धपाटा बसतो, त्याचे नाक घाणीत घासले जाते, आणि एवढे करूनही ते सुधारले नाही की त्याला 'मठ्ठ' ठरवले जाते. या गृहीताचा इतिहास पाहू गेल्यास मात्र निराळेच काही हाती लागते. कुत्र्याला घरातली शिस्त शिकवण्याचा प्रश्न माणसाने दार लावून घेतल्यावर निर्माण झाला. आणि दार लावल्यावरही, घाण काढायला दुसऱ्या कुणाचा तरी हात हजर होता तोवर, तो कुणाला फारसा जाणवला नाही.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा घ्या. नांदेड-हिंगोली वाटेवरचे, केळीच्या बागांसाठी ओळखले जाणारे हे गाव. अशा गावात कुत्र्याच्या जागा परंपरेने दोन: गावात ओसरीच्या पायरीशी आणि शेतात आखाड्यावर. शेतातल्या गोठ्याला आणि तिथल्या राहत्या जागेला या भागात आखाडा म्हणतात. तिथली कुत्री कडब्याच्या गंजीला बगल देऊन, आडोसा पाहून विते. पहिले काही दिवस ती पिल्लांना चाटून त्यांचे मलमूत्र स्वतःच साफ करते. पिल्लांचे डोळे उघडतात, पायांत बळ येते, आणि ती लटपटत चार पावले दूर जाऊन तिथे आपला विधी उरकतात. त्यांना हे कुणी शिकवलेले नसते. आखाड्यावरच्या कुत्र्याला राखण शिकवल्याचे, ढोरे वळायला शिकवल्याचे ऐकू येईल. पण 'इथे घाण करू नकोस' असे शिकवल्याचे कुणी सांगणार नाही. मराठीत 'माणसाळवणे' हा सुंदर शब्द आहे, मात्र या विशिष्ट शिक्षणासाठी आपल्याकडे रुळलेला शब्दच नाही. भाषेला त्याची गरज पडली नव्हती.

आखाड्यावर जे सहज दिसते त्याची शास्त्रीय नोंद व्हायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे संशोधन केले आणि १९६५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिल्लू तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास झोपायची जागा सोडून बाहेर विधी करू लागते, आणि साधारण साडेआठ आठवड्यांचे होईतो त्यासाठी ठरावीक जागा निवडू लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपली निजायची जागा स्वच्छ ठेवण्याची ओढ पिल्लात उपजतच असते. प्रश्न एवढाच, की त्या ओढीला जायला वाट मिळते की नाही.

आपल्या परंपरेने कुत्र्याला उंबरठ्यावर ठेवले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने वैश्वदेवानंतर कुत्रे, पतित, श्वपच, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावे, असे सांगितले आहे. कुत्रा आणि अंत्यज ठरवलेला माणूस हे दोघे येथे एकाच ओळीत बसवलेले आहेत, आणि दोघांचीही जागा घराबाहेर आहे. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी लागेल. लोकधर्म याहून उदार होता. खंडोबाजवळ कुत्रा आहे, त्याचे भक्त स्वतःला 'वाघ्या' म्हणवतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत आणि श्रद्धाळू त्यांत चार वेद पाहतात. हिंगोलीजवळचे नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. कुत्रे भाकरी घेऊन पळाले तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा या मुलखात लहान मुलांनाही ठाऊक असते. पण या कथेतलेही कुत्रे उघड्या दाराने येते, भाकरी घेते आणि निघून जाते. संताने त्याला तूप दिले. घरात कोंडले नाही. रोजच्या व्यवहारात चतकोर भाकरी पायरीवर पडे आणि कुत्रा अंगणापलीकडे मोकळा असे. भूतदया आणि अंतर अशी दोन्ही त्या पायरीवर सांभाळली जात.

कुत्रा पायरी चढून आत आला तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट दरबाराची. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. दुसरी वाट छावणीची, आणि ती हिंगोलीवरून जाते. हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी फौज 'हैदराबाद कंटिन्जंट' या नावाने ओळखली जाई. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद यांच्याप्रमाणे हिंगोली हेही तिचे ठाणे होते. १९०३ साली ही छावणी उठली. पण पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे हिंगोली शहरात अजून नांदत आहेत. छावणीत माणसांच्या दवाखान्याबरोबर जनावरांचाही दवाखाना होता. हिंदुस्थानातल्या अशा प्रत्येक ठाण्यात बंगले उभे राहिले, आणि बंगल्यांबरोबर साहेबाचे कुत्रे आले. टेरियर आणि स्पॅनियल, शिकारीचे आणि मांडीवरचे. ते ओसरीवर थांबणारे नव्हते. दिवाणखान्यात गालिच्यावर लोळणारे होते.

या कुत्र्यांना घराची शिस्त कोण लावी? बंगल्याच्या नोकरवर्गाकडे पाहिले की उत्तर मिळते. कुत्री सांभाळणाऱ्या नोकराला 'डोरिया' म्हणत. दोर धरणारा तो डोरिया. अँग्लो-इंडियन शब्दांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात हा शब्द नोंदलेला आहे. जिथे स्वतंत्र डोरिया नसे तिथे कुत्र्याचे सगळे काम मेहतराकडे जाई, कारण इतर नोकर कुत्र्याला हात लावायला तयार नसत. मेहतर साहेबाचा कमोड उचले आणि त्याच्या कुत्र्याची घाणही उचले. गालिच्यावर चूक झाली तर हाक त्यालाच. अशा घरात पिल्लू आज शिकते की सहा महिन्यांनी, याची घाई मालकाला असण्याचे कारण नव्हते. जातीने ठरवून दिलेला हात चोवीस तास हजर होता.

मनुस्मृतीतली ती ओळ येथे मोडते, पण एकाच टोकाला. कुत्रा आणि अंत्यज दोघेही उंबरठ्याबाहेर होते. त्यांतला कुत्रा दिवाणखान्यात आला, आणि त्याची विष्ठा काढणारा माणूस मागच्या दारानेच येत-जात राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा नेमका हाच विपर्यास ऐरणीवर आला: जनावर ज्या पाण्याला तोंड लावू शकते त्याला माणसाने स्पर्श करायचा नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. कुत्र्याच्या शिस्तीचा इतिहास लिहिताना हे प्रकरण गाळता येत नाही. कुत्र्याला काय शिकवले गेले, यापेक्षा कुणाला काय काढावे लागले हा त्या इतिहासातला मोठा भाग आहे.

युरोप-अमेरिकेच्या मध्यमवर्गीय घरांत नोकर कमी होत गेले तसे हे काम मालकावर येऊन पडले, आणि मग प्रशिक्षणाचे शास्त्र निकडीचे झाले. इंग्रजीत त्याला 'हाउसब्रेकिंग' म्हणतात. या शब्दातच मोडून वळवण्याची कल्पना आहे, आणि पद्धतही बराच काळ तशीच होती: मार, दटावणी, नाक घासणे. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांच्या १९१० च्या पुस्तकापासून प्रशिक्षणाला नियमबद्ध रूप येत गेले, पण त्यातही सक्तीला मोठे स्थान होते. मारण्यातली अडचण साधी आहे. कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणी जे घडते आहे त्याच्याशी जोडतो. तासाभरापूर्वीची चूक दाखवून मारले तर त्याला एवढेच कळते की माणूस आणि घाण एकत्र आली की मार बसतो. मग ते माणसासमोर बाहेरही विधी करत नाही, आणि घरात कोपरा शोधते.

पिंजऱ्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लोकप्रिय झाली, ती या मारझोडीला पर्याय म्हणून. तिच्यामागचे तर्कशास्त्र स्कॉट आणि फुलर यांनी नोंदवलेलेच आहे. निजायची जागा घाण न करण्याची ओढ पिल्लात असेल, तर त्याला निजण्यापुरतीच जागा द्यावी आणि वेळेवर बाहेर न्यावे. पिंजरा म्हणजे कडब्याच्या गंजीची बगलच. फरक एकच, की गंजीला दार नसते. आखाड्यावरचे पिल्लू उठून चार पावले जाऊ शकते. पिंजऱ्यातल्या पिल्लाला माणूस दार उघडेपर्यंत थांबावे लागते, आणि दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपलीकडे थांबू शकत नाही. त्याला आठ तास कोंडले तर त्याने नियम मोडला असे म्हणता येणार नाही. नियम आपण त्याच्याकडून मोडून घेतला.

याहून कठीण प्रकार विक्रेत्याकडच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांचा. ज्या आठवड्यांत जागेची निवड पक्की व्हायची, तेच आठवडे ती जाळीवर काढतात. तिथेच खाणे, तिथेच झोपणे, तिथेच विधी. उपजत ओढ सतत अडवली गेली की ती बोथट होते, आणि मग नव्या घरातला स्वच्छ पिंजरादेखील त्यांना शौचकूपासारखाच वाटतो. भारतात २०१७ साली श्वानपैदास व विक्रीविषयीचे नियम झाले आणि आठ आठवड्यांखालील पिल्ले विकण्यास त्यांत मनाई आली. पण ते आठ आठवडे कसे गेले, हे पिल्लाच्या अंगावर लिहिलेले नसते. ते पिंजऱ्याच्या अंथरुणावर कळते.

म्हणून पिंजरा घाण करणाऱ्या पिल्लाला पुढे नेण्याआधी मागे न्यावे लागते. आधी जंत, हगवण किंवा मूत्रमार्गाचा दाह नाही ना, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. काही दिवस पिंजऱ्याचे दार लावूच नये. एखादा कोपरा आडवून एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला माती किंवा कागद ठेवावा, म्हणजे 'इथे निजायचे, तिथे जायचे' हा हरवलेला भेद पिल्लाला पुन्हा सापडतो. पिंजऱ्यात जेवण द्यावे, पण दार उघडे ठेवून. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला एकाच ठरलेल्या जागी न्यावे आणि काम झाल्याबरोबर तिथेच शाबासकी द्यावी. जागा अमोनियाच्या द्रावणाने पुसू नये, त्याचा वास मूत्राच्या वासाशी जुळतो; विकरयुक्त द्रावण वापरावे. पुढे दार लावायचे ते काही मिनिटांसाठी, मग अर्ध्या तासासाठी. पिंजरा उभे राहता, वळता, पाय पसरता येतील एवढाच असावा. एकटे पडल्याच्या भीतीने जे पिल्लू घाण करते, त्याच्या बाबतीत आधी भीतीचा विचार करावा लागतो. रात्री एकदा आपली झोपही मोडावी लागते. यात गुपित काही नाही. आखाड्यावर जे मोकळेपणाने घडते तेच बंद घरात हाताने घडवायचे, आणि त्यासाठी वेळ द्यायचा.

वेळ आणि हात कुणाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली कुत्र्याची घाण मालकानेच उचलावी असा कायदा अमलात आला. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी पाळीव प्राण्याने केलेली घाण न उचलल्यास पाचशे रुपये दंड ठेवला. माणसाने माणसाची विष्ठा हाताने काढण्याच्या प्रथेविरुद्ध देशात १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले. हे सगळे नियम एकाच दिशेने बोट दाखवतात: जी घाण आपल्या हौसेतून निघाली तिच्यासाठी दुसऱ्याचा हात गृहीत धरू नये. तरीही पिल्लू आपले आणि फडके कामवाल्या बाईच्या हाती, अशी घरे आजही शोधावी लागत नाहीत. तिथे बंगल्यातला जुना मेहतर केवळ नाव बदलून वावरत असतो.

पिल्लाने अंथरूण ओले केले, की ते धुण्यासाठी कुणाला हाक मारली जाते, हे त्या घरात एकदा पाहावे. मालक स्वतः वाकून ते धुतो, तेव्हा पिल्लाला बाहेर न्यायची वेळ आपण कुठे चुकवली, हेही त्याच्या ध्यानात येऊ लागते. आणि पिल्लाची शिस्त बहुधा तिथूनच सुरू होते.