मूठभर शब्दांच्या भाषा

१५१६ साली लूव्हँ शहरात थॉमस मोरचं ‘युटोपिया’ छापून झालं, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या पानांत एक अजब ऐवज होता. वर्तुळं, चौकोन, त्रिकोण अशा आकृत्यांतून घडवलेली २२ अक्षरांची वर्णमाला, आणि त्याच लिपीतलं चार ओळींचं पद्य, लॅटिन भाषांतरासह. ही भर आपली, असं मोरचा मित्र पीटर गाइल्स याने पुस्तकाला जोडलेल्या पत्रात सांगितलं आहे. युटोपियाच्या भाषेचं वाचकाच्या हाती लागतं ते एवढंच, शिवाय पुस्तकभर विखुरलेली काही नावं आणि पदव्या. व्याकरण नाही, शब्दकोश नाही.

भाषेचं दार जरासं किलकिलं करायचं आणि आतला पसारा वाचकाला कल्पू द्यायचा, ही कादंबरीकारांची रीत पुढची पाचशे वर्षं चालत आली. व्याकरणाची चौकट न उभारता केलेलं हे काम कमअस्सल आहे, असं मानणारे पुष्कळ भेटतात. कादंबऱ्यांचा इतिहास मात्र त्यांच्या बाजूने बोलत नाही.

फ्रान्सिस गॉडविन या बिशपचं ‘द मॅन इन द मून’ त्याच्या मृत्यूनंतर, १६३८ मध्ये आलं. त्यातली चंद्रावरची माणसं सुरांत बोलतात. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, ही गोष्ट जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतांतून युरोपात पोचली होती. गॉडविनने ती उचलली आणि पुस्तकात चक्क स्वरलेखन छापलं.

जोनाथन स्विफ्टच्या हाती या रीतीला धार आली. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) महाकाय माणसांच्या देशात गलिव्हरला ‘ग्रिल्ड्रिग’ म्हणतात आणि त्याला सांभाळणारी मुलगी असते ‘ग्लमडॅलक्लिच’. उच्चार करतानाच जीभ जड होते. शहाण्या घोड्यांच्या ‘हुइन्म’ या नावात खिंकाळणं ऐकू येतं. या घोड्यांच्या भाषेत खोटं बोलण्याला शब्दच नाही. जे नाही ते सांगितलं, असं त्यांना आडवळणाने म्हणावं लागतं. एका शब्दाच्या अभावातून स्विफ्टने आख्ख्या समाजाची नीती उभी केली. त्यासाठी त्याला क्रियापदांची रूपं चालवून दाखवावी लागली नाहीत.

एडवर्ड बुल्वर-लिटनने नेमकी तीच चालवून दाखवली. १८७१ च्या ‘द कमिंग रेस’मध्ये भूगर्भात राहणाऱ्या व्रिल-या लोकांच्या भाषेला त्याने एक स्वतंत्र प्रकरण दिलं, विभक्तींच्या रूपांसकट. पुस्तक अर्पण केलं ऋग्वेदाचे संपादक माक्स म्युलर यांना. आज त्या विभक्ती कुणाला आठवत नाहीत. टिकला तो ‘व्रिल’ हा शब्द, त्या लोकांच्या अद्भुत शक्तीचं नाव. बैलासाठीच्या लॅटिन शब्दाला तो जोडून गोमांसाच्या अर्काचं ‘बोव्हरिल’ असं बारसं झालं, आणि ती बरणी ब्रिटनच्या दुकानांत अजून मिळते.

इथे टॉल्किनचा दाखला हमखास पुढे येतो. क्वेन्या आणि सिंडारिन या एल्फांच्या भाषांवर त्याने आयुष्यभर मेहनत घेतली, हे खरंच. पण भाषांचा अभ्यास हा त्याचा पेशा होता, आणि त्यानेही प्रत्येक भाषेचा पाया इतका खोल खणला नाही. ड्वार्फ लोकांच्या खुझ्दुल भाषेत कादंबरीपुरती काही नावं आणि एक रणगर्जना आहे. त्याचं कारण कथेतच पेरलेलं आहे: ड्वार्फ आपली भाषा परक्यांना सहसा शिकवत नाहीत. मॉर्डोरच्या काळ्या बोलीचा मुख्य ऐवज म्हणजे अंगठीवरचा लेख. एका चाहत्याने तो लेख कोरलेला पोलादी पेला टॉल्किनला भेट पाठवला. त्यातून तो कधी काही प्यायला नाही; पेला तंबाखूची राख झाडायला ठेवला. एवढ्याशा भाषेची दहशत तिच्या कर्त्यालाही वाटावी, यापरतं यश कोणतं?

अँथनी बर्जेसने वेगळाच मार्ग काढला. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधल्या (१९६२) टोळभैरव पोरांच्या तोंडी त्या काळची खरी टपोरी भाषा घातली असती, तर कादंबरी काही वर्षांतच शिळी झाली असती. १९६१ मध्ये तो लेनिनग्राडला जाऊन आला होता. त्याने रशियन शब्द घेतले, इंग्रजी कानाला रुचतील असे वळवले आणि इंग्रजी वाक्यांत बसवले. सुमारे २०० शब्दांची ही ‘नॅडसॅट’. व्याकरण जवळजवळ सगळं इंग्रजीच. शेवटी शब्दार्थांची यादी द्यायला बर्जेसचा विरोध होता, तरी अमेरिकन आवृत्तीत ती जोडली गेली. त्याचा आग्रह योग्यच होता. ‘ड्रूग’ म्हणजे सोबती, हे वाचकाला संदर्भातूनच उमगतं, आणि उमगेपर्यंत तो नकळत त्या टोळीत सामील झालेला असतो.

या रीतीचा सर्वांत सुंदर नमुना मात्र सशांचा आहे. रिचर्ड अ‍ॅडम्सची ‘वॉटरशिप डाउन’ (१९७२) मोटारीच्या लांबच्या प्रवासात मुलींना सांगितलेल्या गोष्टीतून जन्मली. तिच्यातल्या लॅपिन भाषेचे शब्द सशाला ज्यांची गरज पडते तेवढेच. ‘सिल्फ्ले’ म्हणजे बिळाबाहेर येऊन चरणं. ‘एलिल’ म्हणजे जिवावर उठलेले सगळे वैरी. ‘थार्न’ म्हणजे भयाने जागच्या जागी थिजणं. मोटारीला ‘ह्रुडुडु’ म्हणतात, इंजिनाच्या आवाजावरून. सशांना चारपर्यंतच मोजता येतं. त्यापुढचं सगळं ‘ह्रेर’.

अ‍ॅडम्स हे शब्द घाई न करता देतो. आधी तळटीप, मग तोच शब्द टीपेविना, मग पुन्हा दुसऱ्या प्रसंगात. शेवटाकडे बिळातल्या लढाईत बिगविग हा ससा क्रूर जनरल वूंडवर्टला लॅपिनमध्ये एक सणसणीत शिवी हासडतो. पूर्ण वाक्य, आणि कथेत त्याचा अर्थ कुठेच दिलेला नाही. वाचकाला तो कळतो. शब्द ओळखीचे झालेले असतात आणि त्यांना जोडायचं काम त्याची स्वतःची भाषा करते.

जॉर्ज आर. आर. मार्टिनने ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये (१९९६) घोडेस्वार डोथ्राकींना असेच थोडे शब्द दिले. ‘खाल’ म्हणजे टोळीचा सरदार. त्याची राणी ‘खालीसी’, त्याची टोळी ‘खालासार’. ‘वाएस’ म्हणजे शहर, आणि गावांच्या नावांत तो शब्द आधी येतो. २०११ च्या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसनने पूर्ण भाषा रचली, ती कादंबरीतल्या या तुटपुंज्या सामग्रीतून नियम हुडकत. त्याच्या नियमांप्रमाणे राणीच्या पदवीचा उच्चार ‘खालेसी’ व्हायला हवा होता. मालिकेतली पात्रं ‘कलीसी’ म्हणाली, आणि अमेरिकेत कित्येक मुलींची नावं त्यावरून ठेवली गेली.