रंगहीनांचा माग

वॉर्सा येथे काम करणाऱ्या मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये एका नव्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. काचेच्या उभ्या नळीत त्याने खडूची भुकटी ठासली आणि वरून हिरव्या पानांचा अर्क ओतला. अर्क खाली झिरपताना हिरवे व पिवळे पट्टे वेगळे झाले. या पद्धतीला त्याने 'क्रोमॅटोग्राफी', म्हणजे वर्णलेखन, असे नाव दिले. पट्टे वेगळे झाले हे त्याला कळले, कारण ते डोळ्यांना दिसत होते.

पण निसर्गातील बहुसंख्य पदार्थांना रंगच नसतो. ते नळीतून वेगळे होऊन बाहेर पडले, तरी आपल्याला कळणार कसे? वर्णलेखनाच्या पुढच्या इतिहासाचा मोठा भाग या प्रश्नाने व्यापला आहे.

प्रथिनांतील अमिनो आम्ले अशीच रंगहीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी १९५८ मध्ये त्यांच्यासाठी एक स्वयंचलित यंत्र तयार केले. नळीतून बाहेर येणाऱ्या द्रवात निनहायड्रिन मिसळायचे आणि ते मिश्रण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या वेटोळ्यातून न्यायचे. बहुतेक अमिनो आम्ले जांभळी होत आणि त्या रंगाची तीव्रता यंत्र नोंदवी. पदार्थ आधी वेगळे करा, मग 'दिसते' करा, अशी ही दोन पायऱ्यांची युक्ती होती.

दुसऱ्या पायरीवर रसायन व उष्णता यांच्याऐवजी प्रकाश वापरता येईल का? त्याची वाट वेगळ्याच क्षेत्रातून आली. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवून दिले, की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले तर पाण्याचे विघटन घडवता येते. किरणांमुळे या पदार्थातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो व मागे 'पोकळी' राहते. इलेक्ट्रॉन समोरच्या पदार्थाचे क्षपण करतो, तर पोकळी ऑक्सिडीकरण. यालाच प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात.

याचा उपयोग सेलेनियमच्या बाबतीत पाहू. हे मूलद्रव्य शरीराला अत्यल्प लागते, जास्त झाले तर विषारी ठरते. पंजाबात होशियारपूर परिसरातील काही जमिनींत ते जास्त असल्याने गुरांची खुरे झडल्याच्या नोंदी आहेत. पाण्यात ते सेलेनाइट व सेलेनेट अशा दोन रूपांत आढळते. त्याचे वायूत रूपांतर करून मोजणे सोयीचे. पण नेहमीच्या रसायनाने सेलेनाइटचा वायू होतो, सेलेनेटचा होत नाही. म्हणजे नळीने दोन्ही रूपे वेगळी केली, तरी एक मोजणीतून निसटणार!

तैवानमधील संशोधकांनी २००६ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. वर्णलेखनाची नळी आणि मापक यंत्र यांच्यामध्ये त्यांनी अतिनील दिवा व टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असलेली प्रकाश-उत्प्रेरक भट्टी बसवली. फॉर्मिक आम्ल पोकळ्या भरून काढते आणि मोकळे राहिलेले इलेक्ट्रॉन दोन्ही रूपांचे क्षपण करून वायू बनवतात.

अशी भट्टी मांडताना एक पेच असतो. द्रव तीत कमी वेळ राहिला तर क्रिया अपुरी राहते. फार वेळ राहिला तर वेगळे झालेले पदार्थ वाटेत पुन्हा मिसळू लागतात. म्हणून नळी बारीक आणि मार्ग शक्य तितका आखूड ठेवतात.

वर्गात टिपकागदावर शाईचे रंग वेगळे करताना आपण विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: ही शाई बिनरंगी असती, तर तुम्ही काय केले असते?