पोटगीचा हुकूम आणि सिल्वासाची सीमा

देणे कबूल होणे आणि ते प्रत्यक्ष हाती पडणे यांत किती अंतर असते, याचा दाखला नगर हवेलीच्या इतिहासात आरंभीच सापडतो. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाकाठी १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे मान्य केले. त्यांच्या सनदा मात्र निघाल्या १७८३ आणि १७८५ मध्ये. दोन सत्तांमधील देण्याची ही गत, तर नवऱ्यापासून विभक्त झालेल्या निराधार स्त्रीच्या पोटगीचा मार्ग किती खडतर असेल, हे वेगळे सांगावयास नको.

मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क; परंतु इंग्रजी अमलात तोच पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व म्हणून मानला गेला आणि सिल्वासाभोवती परराष्ट्राची सीमा उभी राहिली. वापी तेथून अर्ध्या दिवसाची वाट. पण कायद्याच्या दृष्टीने तो दुसरा देश होता. परकीय न्यायालयाचा निकाल घेऊन आलेल्या माणसाला त्या निकालाच्या आधारे येथे नवा दावा लावावा लागे. सरकारने परस्पर अंमलबजावणीसाठी जाहीर केलेल्या प्रदेशांनाच काय ती यात सवलत होती. उलट, ठाणे वा सुरत जिल्ह्यातील दंडाधिकाऱ्याचा हुकूमही सीमेपाशी येऊन थबकत असे. बायकामुलांना टाकून जाणाऱ्यास यापरता सोयीचा आडोसा कोणता?

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात विलीन होऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आली. पुढे १९६३ च्या नियमनाने अनेक भारतीय कायदे तेथे नेले. दिवाणी प्रक्रिया संहिता १ जुलै १९६५ पासून लागू झाली. सीमा पुसली गेली, ती अशी क्रमाक्रमाने.

या प्रदेशातील बहुसंख्य वस्ती वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी समाजांची. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तसे जाहीर केल्याखेरीज, लागू होत नाही. त्यामुळे त्या कायद्यातील निर्वाहखर्चाची तरतूद या स्त्रियांच्या उपयोगाची नाही. त्यांना आधार आहे तो फौजदारी प्रक्रियेतील पोटगीच्या कलमाचा. हे कलम जात, धर्म वा जमात पाहत नाही. ऐपत असूनही पत्नीला वा मुलांना कोणी पोसत नसेल, तर दंडाधिकारी दरमहा रक्कम ठरवून देतो. १८९८ च्या संहितेत या रकमेची कमाल मर्यादा ५० रुपये होती. १९२३ मध्ये ती १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. तेथे ती तब्बल ४६ वर्षे अडून राहिली आणि अखेर २००१ मध्ये काढून टाकण्यात आली.

परंतु हुकूम मिळाला म्हणजे घरी धान्य आले असे नव्हे. सबळ कारणावाचून पैसे थकविले, तर दंडवसुलीसारखे वॉरंट निघते. तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात बसलो की देणे फिटले, हा समज मात्र खोटा. कैद ही वसुलीची रीत आहे, फेड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. अर्जाला मुदतही आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज न केल्यास हे वॉरंट निघत नाही, आणि अनेक स्त्रियांचा हक्क येथेच निसटतो.

सिल्वासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद निराळीच आहे. पोटगीच्या हुकुमाची नक्कल स्त्रीला विनामूल्य द्यावी लागते. आणि तो हुकूम, नवरा जेथे असेल तेथील कोणताही दंडाधिकारी, माणूस तोच असल्याची व रक्कम थकल्याची खात्री करून, बजावू शकतो. वापीच्या कारखान्यात वा तलासरीच्या बाजूस गेलेला नवरा आता कायद्याबाहेर गेलेला नसतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही व्यवस्था कायम राखली आहे.

उरतो प्रश्न मिळकत लपविण्याचा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि तिची वसुली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे जप्तीनेही करता यावी, असे ठरवून दिले.

एकेकाळी सिल्वासाच्या वेशीवर हुकूम अडत असे. आज तो अडतो तो नवऱ्याचा पत्ता न लागल्याने, मुदत उलटल्याने किंवा तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाण्याचे बळ नसल्याने. राष्ट्राची सीमा हटली. ही उरलेली सीमा हटविण्याचे काम न्यायालयाइतकेच गावाचे, पंचांचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही आहे.