एक पाणी, अनेक कामं

माझ्या गावाचं आजचं नाव छत्रपती संभाजीनगर. माझ्या लहानपणी ते औरंगाबाद होतं, आणि मलिक अंबरनं 1610 मध्ये ते वसवलं तेव्हा खडकी. नावं बदलली, खालचा खडक तोच राहिला. अशा जागी शहर उभारायचं तर आधी पाण्याची सोय हवी. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला हा हबशी माणूस त्यासाठी उत्तरेच्या डोंगरांकडे वळला. तिथं झिरपणारं पाणी भुयारात गोळा करून, मोट न लावता, निव्वळ उतारावर त्यानं ते शहरात आणलं. 1617 च्या सुमाराची ही नहर-ए-अंबरी. पुढे मोगल आणि निजाम काळात आणखी नहरी झाल्या.

त्यातली एक पाणचक्कीची. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या सूफींचा दर्गा आहे. तिथं 18 व्या शतकात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणलं गेलं. वाटेत मनोरे बांधून त्याला वर चढवलं. हे पाणी उंचावरून चक्राच्या पात्यांवर पडायचं, चक्र फिरलं की वरचं जातं फिरायचं आणि फकिरांचं, वाटसरूंचं पीठ तयार व्हायचं. चक्कीसाठी एवढा खर्च पुष्कळ झाला, असं दुसरा कुणी म्हणाला असता. पण पाण्याचं काम तिथं संपत नव्हतं. समोरच्या मोठ्या हौदात धार पडे, कारंजी उडत. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत! वर पाणी, खाली गारवा. भर उन्हाळ्यात तिथं माणसं टेकायची. उरलेलं पाणी नदीला.

माझी नानी तिथं गेली की आधी त्या दालनात पाच मिनिटं बसायची. ‘पाणी डोक्यावर असलं की माणूस शांत होतो,’ असं ती दखनीत म्हणायची. मी पदवीपर्यंत इतिहास वाचला, पण पाणचक्की मला कळली ती नानीमुळे.

आता थोडं अलीकडचं. आमच्या मोहल्ल्याखालून एका जुन्या नहरीची फांदी जाते. घराघरांत जायकवाडीचं पाणी आल्यावर लोक तिला विसरले. काही वर्षांपूर्वी रस्ता खणताना तिचा नळ फुटला आणि स्वच्छ पाणी वाहू लागलं. आम्ही ठरवलं, ते हौदात घ्यावं. मशिदीला वजूसाठी, शेजारच्या शाळेच्या झाडांना, आणि उन्हाळ्यात धुण्याभांड्यांना. लिहिणारा म्हणून अर्ज माझ्याकडे आला.

एका कचेरीत सांगितलं, ही ऐतिहासिक वास्तू, आमच्याकडे फक्त नळ. दुसरीकडे म्हणाले, वास्तू म्हणजे जमिनीवरची; खालचं खापर आमच्या यादीत नाही. तिसरीकडे विचारलं, धार्मिक कामाचं पाणी की शाळेचं? दोन्ही म्हटलं, तर फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. अखेर एका भल्या कारकुनानं कानात सांगितलं, ‘साहेब, एवढे उपयोग लिहू नका, कुणाच्या टेबलावर बसत नाहीत. रस्ता खचेल एवढंच लिहा, काम लगेच होईल.’

मी तसं लिहिलं. सुटसुटीत चार ओळी, एकही विशेषण नाही. काम खरंच आठवड्यात झालं. खड्ड्यात काँक्रीट ओतलं, फुटलेल्या नळासकट. रस्ता आजही पक्का आहे.

परवा त्या अर्जाची प्रत सापडली. पुन्हा वाचली. त्यात पाणी हा शब्द एकदाही आलेला नाही.