जपानी मोकळं घर मांजरसुंब्यात चालेल का? समजून घ्या

मोठाल्या काचा, मधोमध छोटं अंगण आणि स्वयंपाकघरातून अख्खं घर दिसेल अशी रचना. आधुनिक जपानी घरांचे असे फोटो सोशल मीडियावर भरपूर शेअर होतात. पण बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या मांजरसुंब्यात असं घर बांधलं तर? थोडक्यात उत्तर: रचना चालेल, काच जपून वापरावी लागेल.

जपानी घर मोकळं कसं झालं?

जुन्या जपानी घरात खोल्यांमध्ये सरकती दारं असत. ती सरकवली की दोन-तीन खोल्यांची एक मोठी खोली होई. बाहेरच्या कडेला लाकडी ओसरी असे, तिला 'एन्गावा' म्हणतात. १९५१ मध्ये सरकारी घरांसाठी '५१सी' नावाचा नकाशा तयार झाला आणि त्यात स्वयंपाक व जेवण एकाच खोलीत आलं. पुढे बैठकही त्यात मिसळली. म्हणूनच आज जपानमध्ये '३ एलडीके' म्हणजे तीन खोल्या, शिवाय बैठक, जेवण आणि स्वयंपाकाची एक सामाईक जागा.

वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी १९७६ मध्ये ओसाकात बांधलेल्या एका घराचा मधला तिसरा हिस्सा चक्क उघडा ठेवला. तिथे एका खोलीतून दुसरीकडे जायचं तर पावसातही अंगण ओलांडावं लागतं.

आपल्याकडे हे नवं आहे का?

नाही. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांतही ओसरी आणि मधोमध चौक असे. उजेड-वारा चौकातून येई. निवडणं-टिपणं, वाळवणं, लेकरांचा खेळ सगळं तिथेच. लाकडी तुळयांवरच्या मातीच्या जाड थरामुळे उन्हाळ्यात घर गार राही.

मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि अशीच जड छतं कोसळून हजारो माणसं दगावली. लोकांनी माळवदाचा धसका घेतला. नव्या स्लॅबच्या घरांतून अनेकदा चौकही गेला. खरं तर धोका छताच्या वजनात आणि कमकुवत भिंतींत होता, चौकात नव्हता.

मग बांधताना काय पाहायचं?

• ऊन: टोकियो सुमारे ३६ अक्षांशावर आहे, मांजरसुंबा सुमारे १९ वर. डिसेंबरच्या भर दुपारी टोकियोत सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर असतो. तिथे दक्षिणेच्या काचेतून येणारं ऊन हवंसं वाटतं. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे चौकावर काचेचं छत नको. जाळी, वेल किंवा सावलीचं कापड बरं. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवावी. खिडक्यांना रुंद छज्जा हवाच.

• मजबुती: मोकळ्या घरात भिंती कमी असतात, म्हणून कॉलम-बीमचं गणित इंजिनिअरकडूनच करून घ्यावं. जपाननेही १९८१ मध्ये भूकंपासाठीचे बांधकाम नियम कडक केले.

• स्वयंपाकघर: फोडणीचा ठसका घरभर नको असेल तर सरकतं दार आणि एक्झॉस्ट फॅन लावावा.

• माणसं: बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात, तेव्हा घरी बऱ्याचदा आजी-आजोबा आणि लेकरं उरतात. वयस्करांची खोली चौकाला लागून, उंबऱ्याचा अडथळा नसलेली असावी, म्हणजे पडल्या जागेवरून लेकरांवर लक्ष राहतं. अभ्यासासाठी, नव्या जोडप्यासाठी दार लावता येईल अशी खोली मात्र हवीच.

• पाणी: छताचं पाणी पाइपने टाकीत उतरवता येतं. दुष्काळी भागात ही सोय नकाशातच धरावी.

१० बाय १० चा चौक म्हणजे १०० चौरस फूट. छोट्या प्लॉटवर तेवढी जागा सोडणं जिवावर येतं. पण घर बांधून झाल्यावर चौक काढता येत नाही. त्यामुळे नकाशावर आधी चौक आखावा, खोल्या नंतर.